कोंडाजीच्या बाटलीतला समुद्र

वडिवळ्याचा कोंडाजी येवले पहिल्या महायुद्धाच्या दिवसांत कुठल्याशा गोठलेल्या समुद्रावर जाऊन आला होता. तो समुद्र कोणता, हे मात्र त्याला सांगता येत नव्हतं. गावात कुणाचा विश्वास बसत नसे. त्याचा चुलतभाऊ नथू चारचौघांत विचारायचा, "मिठाचं पानी कदी थिजतंय व्हय रं?" आणि माणसं हसायची. कोंडाजी उठून जायचा. मिठाचं पाणी थिजतं हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं, पण ते का थिजतं आणि कुठं थिजतं, हे त्यालाच कधी नीट समजलं नव्हतं.

घरात भाऊ पुष्कळ आणि भाताची खाचरं थोडी, म्हणून तो तरुणपणीच लोणावळ्याला इंजिनांच्या शेडमध्ये कोळसा ओढायला लागला. घाट चढणाऱ्या इंजिनांना कोळसा फार लागे. तिथंच त्याची उर्स्याच्या बजरंगशी गाठ पडली. दोघं एका खोलीत राहत, एका तव्यावर भाकऱ्या थापत. लढाई सुरू झाल्यावर मुंबईहून एक मुकादम माणसं गोळा करत आला. म्हणाला, जहाजाला कोळसा भरणारे हवेत, फावडं तेच, कोळसाही तोच, पगार मात्र बरा. बजरंगला जग बघायची हौस. तो कोंडाजीला म्हणाला, "चल की. हितं तरी कोन वाट बगतंय?" वाट बघणारी माणसं दोघांच्याही घरी होती, तरी दोघे गेले.

जहाजावर भट्टीपाशी काम करणाऱ्यांना आगवाले म्हणत. त्यांचं जग म्हणजे जहाजाचं पोट. चार तास भट्टीसमोर उभं राहायचं, मग वर येऊन झोपायचं, पुन्हा खाली जायचं. समुद्र कोणता, बंदर कोणतं हे वरच्या माणसांना ठाऊक. विलायतेच्या एका बंदरात त्यांना पहिल्या जहाजावरून उतरवून दुसऱ्यावर चढवलं. ते करड्या रंगानं रंगवलेलं होतं आणि त्याच्या अंगावरचं नाव लढाईसाठी पुसून टाकलेलं होतं. रत्नागिरीकडचा एक म्हातारा सारंग त्यांचा प्रमुख. त्यालाही एवढंच माहीत की जहाजाचं तोंड थंडीकडे आहे.

मग बर्फ आलं. बजरंग भट्टीवरून घामाघूम तसाच धावत वर गेला, कारण समुद्रावर बर्फ तरंगतंय असं कुणीतरी ओरडलं होतं. कोंडाजी मागून गेला. दोघे कठड्याला टेकून बघत राहिले. बजरंग सारखा हसत होता. त्याच रात्री त्याच्या छातीत कफ धरला आणि थोड्याच दिवसांत तो गेला.

जाळायला जागा नव्हती आणि पुरायला जमीन नव्हती. त्याला किलतानाच्या जाड कापडात शिवलं, पायाशी भट्टीचे लोखंडी गज बांधले. गोऱ्या कप्तानानं पुस्तकातून काहीतरी वाचलं. दोराचं एक टोक कोंडाजीच्या हातात होतं. जहाजानं फोडलेल्या बर्फाच्या फटीतून बजरंग खाली गेला आणि जवळचा एक तुकडा हेलकावा खाऊन उलटा झाला. वरून पांढरं दिसणारं ते बर्फ खालून तांबूस तपकिरी होतं आणि त्याला बाईच्या केसांसारखे लांब शेवाळाचे झुपके लोंबत होते. कोंडाजी दचकला. अस्थी नाहीत, राख नाही, घरी काय न्यायचं? त्यानं बादली सोडून ते पाणी वर ओढलं आणि रमच्या एका संपत आलेल्या बाटलीत, तळाशी उरलेल्या घोटभर रमसकट, भरून बूच लावलं.

त्यानं तिघांना विचारलं होतं, हे कुठलं ठिकाण. एक खलाशी म्हणाला नार्वे. दुसरा म्हणाला रूस. गोऱ्या इंजिनेरला विचारलं तेव्हा तो हात चोळत हसला आणि म्हणाला, "हेल." कोंडाजीनं हे तिसरं नाव पाठ केलं. साहेबानं सांगितलेलं, म्हणजे तेच खरं असणार.

परत आल्यावर तो आधी उर्स्याला गेला. बजरंगची आई अंबूबाई अंगणात भात पाखडत होती. सरकारकडून तिला एवढंच कळलं होतं की मुलगा समुद्रावर वारला. कोंडाजीनं बाटली पुढं केली.

"ह्ये काय?"

"त्याच्या हितलं पानी हाय, मावशी. जितं त्याला सोडला तितलं."

"कुटं सोडलास?"

"हेलजवळ."

"ते कुटं आलं?"

कोंडाजीला सांगता येईना. त्यानं नार्वे म्हटलं, मग रूस म्हटलं. म्हातारीनं सूप खाली ठेवलं. "माजा पोर कुटं ठिवलास ते नीट इचारून ये," ती म्हणाली, "मग आन तुजी बाटली."

तेव्हापासून बाटली कोंडाजीच्याच घरी राहिली. त्यानं दोनदा मुंबईच्या बंदरावर खेटे घातले. पहिल्या जहाजाचं नाव तिथं मिळालं, दुसऱ्याचं कुणाला कळेना, कारण कोंडाजीलाही ते ठाऊक नव्हतं. पुढं घाटात विजेची इंजिनं आली, शेडमधलं कोळशाचं काम संपत गेलं आणि त्याला मळवलीजवळच्या फाटकावर गेटमन म्हणून नेमलं. फाटकाच्या खोलीत तो आणि बायको सरुबाई राहत. देवाच्या कोनाड्यात टाकाच्या शेजारी रमची ती बाटली उभी असे.

१९३६ साली पावसाळा सरता सरता कोंडाजीला हिवताप झाला. सरुबाईनं त्याला गाडीत घालून लोणावळ्याला डॉक्टर गंगाधर सबनीस यांच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी बोटातून थेंबभर रक्त काढून काचेवर घेतलं आणि आत हाक मारली, "इंदू, ही पट्टी बघ जरा."

इंदिरा डॉक्टरांची मुलगी. पुण्याच्या कॉलेजातून वनस्पतिशास्त्र घेऊन ती पदवीधर झाली होती आणि लोणावळ्यातल्या मुलींच्या शाळेत शिकवत होती. तिच्या लग्नाची बोलणी दोनदा होऊन मोडली होती. सूक्ष्मदर्शकाशी बसलेली मुलगी बघून पाहुणे बिचकतात, असं तिच्या आईचं मत. शाळा सुटल्यावर ती वडिलांच्या रक्ताच्या पट्ट्या तपासून देई.

कोंडाजी बाकावर कुडकुडत बसला होता. इंदिरेनं नळीतून पाहिलं आणि ती म्हणाली, "आहेत, बाबा. पुष्कळ आहेत."

"काय हाय, ताई?" त्यानं विचारलं.

"तापाचे जंतू. तुमच्या रक्तात आहेत. नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, यातून दिसतात."

कोंडाजी त्या पितळी नळीकडे बघत राहिला. ताप उतरल्यावर कोयनेलच्या उरलेल्या गोळ्या न्यायला तो आला, तेव्हा पंच्यात गुंडाळून बाटली घेऊन आला.

"ताई, ह्या नळीतून पानी बगून ते कुटलं हाय ते सांगता यील का?"

इंदिरेला आधी हसू आलं. मग त्यानं सगळी हकिकत सांगितली आणि तिचं हसू गेलं. पाण्यावरून समुद्र ओळखता येत नाही, हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण "बर्फाखाली केसांसारखं शेवाळ" हे शब्द तिनं पुन्हा म्हणवून घेतले. समुद्रातल्या अगदी बारीक वनस्पतींबद्दल ती शिकली होती. त्या एका पेशीच्या असतात आणि स्वतःभोवती काचेचं कवच बांधतात.

"काचंचं?" कोंडाजी म्हणाला. "तळेगावला कारखान्यात करत्यात तसली?"

"तसलीच. फक्त ही स्वतःची स्वतः करतात. वनस्पती मरते, कुजते, पण काच राहते. काही जाती थंड समुद्रातच सापडतात. जात ओळखता आली तर..." ती थांबली. "बघू या. मी खात्री देत नाही."

तिनं तळाचा चहाच्या चोथ्यासारखा गाळ काडीनं घेऊन काचेवर ठेवला आणि भिंग जुळवलं. लांबट डबे एकाला एक चिकटून केलेल्या माळा दिसल्या. तिनं मान वर केली, पुन्हा पाहिलं. या माळा तिच्या ओळखीच्या होत्या. कॉलेजात असताना तिनं कार्ल्याजवळ इंद्रायणीच्या दगडांवरून याच खरवडून आणल्या होत्या.

"कोंडाजी, हे तर आपल्या नदीतलं आहे. मेलोसायरा म्हणतात याला."

कोंडाजीला ते नाव कळलं नाही, पण "आपल्या नदीतलं" हे कळलं. "न्हाई ताई. म्या सोता बादली सोडली." मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "का सपान पडलं मला?"

त्याला इतक्या वर्षांत असं कधी वाटलं नव्हतं. गाव हसलं तरी त्याचा स्वतःवरचा विश्वास टिकून होता. आता शिकलेल्या बाईनं नळीतून बघून सांगितलं, तेव्हा ते बर्फ, तो उलटा झालेला तुकडा, हातातला दोर, सगळंच त्याला डळमळीत वाटायला लागलं.

इंदिरेलाही उमजेना. त्या माळांमधले काही डबे आतून सोनेरी तपकिरी होते, म्हणजे जिवंत. रमच्या बाटलीत, कोनाड्याच्या अंधारात, इतकी वर्षं हे जिवंत कसं राहील? तिनं पाण्याचा दुसरा थेंब काचेवर नुसता वाळू दिला. वाळल्यावर कडेला मिठाचे चौकोनी खडे उमटले. नदीच्या पाण्यात एवढं मीठ नसतं. पाण्यात समुद्र होता आणि पाण्यात नदीही होती.

पुढच्या रविवारी ती मळवलीच्या फाटकावर गेली. सरुबाईनं तिला घोंगडीवर बसवलं, गुळाचा चहा दिला.

"मावशी, या बाटलीत कुणी पाणी घातलं होतं का?"

सरुबाईनं नवऱ्याकडे पाहिलं, मग खाली. "व्हय. म्या घालते."

"तू?" कोंडाजी उभाच राहिला.

"आवो, बूच ढिलं हाय. पानी आटतंय. मेलेल्या मान्साचं पानी आटू द्यावं का?" सरुबाईचा आवाज चढला. "सनासुदीला इंद्रायनीचं घोटभर घालते. चांगलं पानी घालते, डबक्यातलं न्हाई."

कोंडाजीला राग यावा की काय करावं ते कळेना. तो दार उघडून बाहेर गेला आणि फाटकापाशी उभा राहिला. सरुबाई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "नासवलं का म्या समदं, ताई?"

"नाही," इंदिरा म्हणाली. पण तिला तसं खरोखर वाटत होतं की नव्हतं, हे तिचं तिलाच माहीत नव्हतं.

आता काम वाढलं. एका थेंबात नदी आणि समुद्र वेगळे करायचे होते. शाळेतून आल्यावर ती खिडकीपाशी बसून थेंबामागून थेंब बघू लागली. बरेच दिवस नदीच्याच माळा दिसल्या. त्यांचे डबे गुळगुळीत, नळीच्या तुकड्यांसारखे. मग एका थेंबात दोनच डब्यांची एक तुटकी जोडी दिसली. आत रंग नव्हता, नुसतं रिकामं कवच. डबे बुटके होते आणि प्रत्येकाच्या गळ्याशी काचेची पातळ कड होती, परकराला झालर लावावी तशी. नदीतल्या मेलोसायराला अशी झालर नसते. इंदिरेनं वही ओढून लगेच तिचं चित्र काढलं.

गाळ स्वच्छ करून पाहावा म्हणून तिनं थोडा भाग तेजाबात उकळला. दवाखान्यात असा वास कोंदला की डॉक्टरांनी रोग्यांना ओट्यावर बसवलं. "इंदू, माणसं औषधाला येतात, फुफ्फुसं जाळून घ्यायला नाही!" तेजाबानं कवचं चकचकीत झाली खरी, पण जोड्या सुटून सगळे डबे विखुरले, आणि कोण कुणाला चिकटलेलं होतं हे आता कळेना. उरलेल्या गाळाला तिनं तेजाब लावलं नाही. जे दिसलं त्याची चित्रं काढली आणि ती चित्रं व पट्ट्या घेऊन पुण्याला गेली.

तिचे जुने प्राध्यापक दिगंबर परचुरे शांत माणूस. त्यांच्याकडे उत्तरेकडच्या समुद्रांतल्या अशा वनस्पतींचं एक जाड जर्मन पुस्तक होतं, पानोपानी चित्रं. त्यांनी पट्टी भिंगाखाली घेतली आणि ती हळूहळू सरकवत पाहिली.

"मेलोसायरा आहे हे बरोबर," ते म्हणाले. "झालर आहे, म्हणजे समुद्रातली. पण झालर असलेल्या दोन आहेत. एक नमुलॉइडिस. तिचे डबे मण्यांसारखे गोल असतात आणि ती कुठल्याही खाडीत, बंदरात सापडते. दुसरी आर्क्टिका. तिचे डबे चपटे. ती बर्फाखाली लांब झुपके करून लोंबते."

"कोंडाजीनं झुपकेच पाहिले, सर."

"कोंडाजीनं पाहिले. तुम्ही काय पाहिलंत?"

इंदिरेनं चित्रं पुढं केली. काही डबे चपटे होते, काही गोल. परचुरे म्हणाले, डबा कलता पडला तरी गोल दिसतो. दोघांनी आळीपाळीनं पाहिलं. एकदा तिला चपटा वाटला तो त्यांना गोल वाटला, आणि त्यांनी गोल म्हटलेला तिला चपटा दिसू लागला. शेवटी परचुऱ्यांनी चष्मा काढला. "बर्फातला आणखी एखादा सोबती मिळाला तर बघा. एकट्या साक्षीदारावर भागणार नाही."

ती परत आली आणि पुन्हा खिडकीशी बसली. तेजाब न लावलेल्या गाळात तिला चातीसारखी निमुळती काही कवचं सापडली, कडेला टिंबांची रांग असलेली. त्यांतली दोन एका टोकाला जुळून फांदीच्या बेचक्यासारखी उभी होती. तिनं ती पट्टी पुण्याला नेली. परचुऱ्यांनी पुस्तकाची पानं उलटली आणि एका चित्रावर बोट ठेवलं. तशीच बेचकी, बेचकीवर बेचकी, झाडासारखी.

"निट्शिया फ्रिजिडा," ते म्हणाले. "ही बर्फातच राहते. आता मी आर्क्टिका म्हणायला तयार आहे. तुमच्या माणसानं गोठलेला समुद्र पाहिलेला आहे."

इंदिरा इतकी खूश झाली की तिला खुर्चीत बसवेना. "म्हणजे उत्तर ध्रुवाकडचा समुद्र!"

"थांबा." परचुऱ्यांनी खालचा बारीक मजकूर वाचला. "दोन्ही जाती बाल्टिक समुद्रातही मिळाल्या आहेत. तोही हिवाळ्यात गोठतो. ध्रुवापासून बराच खाली आहे, पण गोठतो."

त्यांनी नकाशांचं पुस्तक काढलं. रशियाच्या वर, उत्तरेला, पांढरा समुद्र. रशियाच्या डावीकडे, खाली, बाल्टिक. लढाई संपतानाच्या दिवसांत इंग्रजांची जहाजं दोन्हीकडे गेली होती. इंदिरेला इंजिनेरचं "हेल" आठवलं. तो शिवी हासडत होता हे तिला पहिल्या दिवशीच कळलं होतं, तरी तिनं सूची पाहिली. बाल्टिकच्या काठाला हेल नावाचं गाव निघालं. नॉर्वेतही त्याच उच्चाराचं एक निघालं. परचुरे पहिल्यांदाच मोठ्यानं हसले आणि लगेच गंभीर झाले. "आता तर मला काहीच म्हणता येत नाही," ते म्हणाले. "तिथं दिवस किती मोठा होता ते विचारा त्याला. सूर्य मावळतच नसेल, तर तो पांढऱ्या समुद्राकडे होता."

इंदिरेनं फाटकावर जाऊन विचारलं. गाडी गेल्यावर कोंडाजीनं फाटक उघडलं.

"वर आलो का उजेडच असायचा, ताई. आंधार बगितल्याचं ध्यानात न्हाई."

"म्हणजे सूर्य मावळत नव्हता?"

"ते कसं सांगू? चार तास खाली, चार तास वर. म्या खाली असताना मावळून परत उगवला असंल तर?"

"आणि बर्फ होतं तेव्हाच असा उजेड होता का?"

कोंडाजी बोटं मोजू लागला. "दोन खेपा झाल्या तिकडं. एका खेपंला बर्फ. उजेड... दुसरीला असंल. का पयलीलाच?" त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "बजरंग ऱ्हायला असता तर त्यानं सांगितलं असतं. त्यो सारका वर पळायचा."

इंदिरा त्याच्या शेजारी दगडावर बसली. तिला जे सांगता येत होतं ते तिनं सांगितलं. ते बर्फ खरं होतं. त्याखालचं केसांसारखं शेवाळ खरं होतं, त्याला नाव आहे, पुस्तकात चित्र आहे. तुम्हाला स्वप्न पडलं नव्हतं. समुद्र मात्र दोनांपैकी कोणतातरी एक.

"नथ्याला म्हनावं, मिठाचं पानी थिजतं," कोंडाजी म्हणाला. मग त्यानं हिरवा बावटा गुंडाळून काखेत धरला. "पर मावशीला काय सांगू?"

"मी येते बरोबर," इंदिरा म्हणाली.

तिघं तळेगावला उतरून बैलगाडीनं उर्स्याला गेले. सरुबाई हट्टानं आली होती, पाण्याची गोष्ट आपणच सांगणार म्हणून. अंबूबाई आता फार थकली होती. धाकटा मुलगा रखमाजी शेतावर होता. ती ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती आणि तिला डोळ्यांनी अंधुक दिसत होतं.

"कोन, कोंडा? इचारून आलास व्हय?"

"व्हय मावशी. ह्या ताईंनी शोधून काडलंय."

इंदिरेनं आदल्या रात्री मनात जुळवलेलं सगळं त्या क्षणी विस्कटलं. काचेचं कवच, झालर, बेचकी, यातलं काय सांगायचं? ती एवढंच म्हणाली, "आजी, तुमचा मुलगा उत्तरेला आहे. जिथं समुद्र गोठतो तिथं. पण असे दोन समुद्र आहेत, आणि त्यातला कोणता ते मला कळलं नाही."

"दोन कसं?" अंबूबाई म्हणाली. "पोर एकच हुता."

मग सरुबाईनं पुढं होऊन पाण्याचं सांगितलं, इंद्रायणीचं घोटघोट घातल्याचं. म्हातारीनं ऐकून घेतलं आणि हात पुढं केला. कोंडाजीनं बाटली तिच्या हातात दिली. तिनं ती हलवून पाहिली, बूच काढून वास घेतला, नाक मुरडलं.

"दारूचा वास मारतोय."

"साहेबाच्या रमची बाटली हाय, मावशी. दुसरी न्हवती."

"त्यो पीत न्हवता."

"न्हाई. कंदी न्हाई."

अंबूबाईनं विचारलं, उत्तर कोणत्या अंगाला. इंदिरेनं तिचा हात धरून इंद्रायणीच्या बाजूला वळवला. म्हातारी तिकडं तोंड करून बसली. थोड्या वेळानं तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "पितरांचं पान तर दक्षिनेला ठिवत्यात. ह्यो उत्तरेला गेला. मग माजं पान पोचलं कुटं इतकी वर्सं?"

या प्रश्नाचं उत्तर परचुऱ्यांच्या जर्मन पुस्तकातही नसणार. कोंडाजी म्हणाला, "पोचलं असंल, मावशी. पृथ्वी गोल हाय. तिकडनं जाऊन बी पोचतंय." त्यानं हे आगबोटीवर ऐकलं होतं. त्याला ते पटलेलं होतं की नाही कोण जाणे, म्हातारीला मात्र निम्मं पटल्यासारखं दिसलं.

"त्या दोन समुद्रांची नावं काय?"

"एक बाल्टिक. दुसरा पांढरा समुद्र."

"बाल..." अंबूबाईनं प्रयत्न करून सोडून दिला. "पांढरा समुद्र. ह्यो बरा हाय. माजा पोर पांढऱ्या समुद्रात हाय."

"आजी, ते ठरलेलं नाही," इंदिरा घाईनं म्हणाली. "मी खोटं सांगणार नाही. दुसराही असू शकेल."

"तू शोध की, बाय. तुला गावला म्हंजी सांग. मी तंवर ह्योच म्हनते."

तिनं बाटली मांडीवर घेतली आणि त्यांना जेवून जायला सांगितलं. परतीच्या वाटेवर गाडीत इंदिरेला आपण काम केलं की बिघडवलं, हे ठरवता येत नव्हतं. कोंडाजी मात्र मध्येच म्हणाला, "जेवायला वाढलं तिनं. पयल्या बारीला पानी बी इचारलं न्हवतं."

अंबूबाई पुढं दोन पावसाळे जगली. शेवटपर्यंत ती आल्यागेल्याला पांढऱ्या समुद्राचं सांगत असे आणि तिथं मिठाचं पाणी थिजतं हेही ठासून सांगत असे. बाटलीचं काय झालं ते रखमाजीलाही नीट सांगता आलं नाही. तो म्हणाला, आईनं नदीत सोडली असेल, नाहीतर भांड्यांत कुठं गेली असेल.

इंदिरेनं लग्न केलं नाही, शाळेत शिकवत राहिली. परचुऱ्यांना तिनं आणखी पट्ट्या पाठवल्या. त्यांनी आर्क्टिका कायम केली आणि त्यापुढं एक पाऊलही टाकलं नाही. दुसरी लढाई सुरू झाली आणि वर्तमानपत्रात रशियाच्या उत्तरेकडच्या बंदरांची नावं येऊ लागली, तशी ती कात्रणं घेऊन फाटकावर जाई आणि एकेक नाव मोठ्यानं वाचून दाखवी. कोंडाजी प्रत्येक नावावर मान हलवी, ऐकल्यासारखं वाटतंय म्हणे. मग तिनं बाल्टिककडची नावं वाचली. त्याही नावांवर त्यानं मान हलवली.

नोकरीतून निवृत्त होऊन तो वडिवळ्याला परत गेला, त्या वर्षी ती त्याला भेटायला गेली होती. भातकापणी चालली होती. नथू बांधावर बसला होता. तो आता हसत नसे, उलट पाहुण्यांना सांगे की आमचा कोंडा बर्फावरून चालून आलाय. कोंडाजी बर्फावरून कधी चालला नव्हता. ते कुणीच दुरुस्त करत नसे.

बोलता बोलता कोंडाजी म्हणाला, "काठाला एक देऊळ हुतं, ताई. समदं लाकडाचं. वर कांद्यासारके घुमट."

इंदिरेनं चहाची बशी खाली ठेवली. असली लाकडी देवळं तिनं रशियाच्या उत्तरेकडच्या बंदरांच्या कात्रणांत पाहिली होती. "हे आजवर का नाही सांगितलंत?"

"तुमी पान्याचं इचारत हुता. देवळाचं कुनी इचारलंच न्हाई."

"बजरंगला सोडलं तिथं होतं ते देऊळ?"

कोंडाजीनं कापलेल्या खाचराकडे पाहिलं. "तितंच. न्हाईतर दुसऱ्या खेपंला." तो पुन्हा आठवू लागला. इंदिरेनं घाई केली नाही.

सरुबाईनं आतून विचारलं, ताई जेवून जाणार का, तांदूळ वैरायचे आहेत.

"जाणार," इंदिरा म्हणाली आणि कोंडाजीला विचारलं, "घुमट किती होते?"